कॅरफिलीच्या किल्ल्यातील हिरवी स्त्री: आख्यायिका आणि इतिहास

वेल्सच्या दक्षिण भागात, कार्डिफ शहराच्या उत्तरेस सुमारे अकरा किलोमीटरवर कॅरफिली हे गाव आहे आणि गावाच्या मध्यावर तीस एकरांच्या आसपास जागा व्यापून बसलेला तेराव्या शतकातला एक पडका किल्ला आहे. वेल्समधला हा सर्वांत मोठा किल्ला. संपूर्ण ब्रिटनचा विचार केला तर विंडसरच्या खालोखाल त्याचा क्रमांक लावला जातो. त्याच्या तटावरून रात्री हिरव्या वस्त्रातली एक स्त्री फिरते, अशी आख्यायिका तिथे फार वर्षांपासून सांगितली जाते. ती स्त्री म्हणजे किल्ला बांधणाऱ्या सरदाराची टाकलेली पत्नी ॲलिस, असे हल्ली ठामपणे सांगण्यात येते. ही कथा आणि किल्ल्याचा लिखित इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींत बरेच काही जुळते आणि नेमके महत्त्वाचे तेवढे जुळत नाही. भूत आहे की नाही या वादात शिरण्यापेक्षा ते केव्हा जन्माला आले असावे हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे, कारण त्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी देता येते.

प्रथम कथा पाहू. किल्ल्याचा धनी गिल्बर्ट द क्लेअर हा तांबड्या केसांचा, तापट आणि सदैव लढाईत गुंतलेला सरदार होता. त्याची पत्नी ॲलिस फ्रान्समधील अंगुलेमच्या घराण्यातली, नाजूक मनाची आणि एकाकी होती. एकदा देखणा म्हणून ख्याती असलेला ग्रिफिद नावाचा वेल्श राजपुत्र किल्ल्यावर पाहुणा म्हणून आला आणि दोघे परस्परांच्या प्रेमात पडले. ग्रिफिदने एका मठवासी साधूजवळ आपल्या पापाची कबुली दिली. साधूने ती गिल्बर्टच्या कानी घातली. गिल्बर्टने पत्नीची फ्रान्सला रवानगी केली आणि ग्रिफिदच्या मागावर माणसे सोडली. ग्रिफिदने चहाडखोर साधूला गाठून एका झाडाला फाशी दिले. अस्त्राद मनाख या जवळच्या गावाच्या नावातला साधू तो हाच, असे कथा सांगते. पुढे ग्रिफिदही पकडला जाऊन फासावर चढला. ही वार्ता गिल्बर्टने मुद्दाम दूत पाठवून ॲलिसला कळवली आणि ती ऐकताच तिने प्राण सोडला. तेव्हापासून पतीच्या मत्सराचा हिरवा रंग अंगावर घेऊन ती तटावर प्रियकराची वाट पाहते.

कथा रचनेच्या दृष्टीने अगदी बांधीव आहे. तिच्यातला प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या कारणाने मरतो, आणि जिवंत राहतो तो एकटा गिल्बर्ट. ती तपासायची तर गिल्बर्ट कोण होता आणि त्याने हा किल्ला कोणाच्या भीतीने बांधला, हे आधी समजून घ्यावे लागते.

अकराव्या शतकात नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, पण वेल्स त्यांच्या हाती सलग कधीच आले नाही. वेल्सच्या सीमेवर आणि दक्षिण किनाऱ्यावर नॉर्मन सरदारांनी आपापल्या बळावर मुलूख काबीज केले आणि तिथे ते जवळजवळ स्वतंत्र राजांसारखे वागू लागले. त्यांच्या मुलखात न्यायनिवाडा त्यांचाच चाले, युद्धाचा निर्णयही तेच घेत आणि इंग्लंडच्या राजाचे हुकूमनामे तिथे सहसा लागू होत नसत. गिल्बर्ट द क्लेअर हा ग्लॉस्टरचा अर्ल आणि ग्लॅमॉर्गनचा अधिपती, म्हणजे या सीमेवरच्या सरदारांतला सर्वांत बलाढ्य माणूस. मात्र ग्लॅमॉर्गनमधली सपाट, सुपीक किनारपट्टीच काय ती त्याच्या घराण्याच्या पक्क्या ताब्यात होती. वरच्या डोंगराळ भागात वेल्श सरदार नांदत होते. त्यांतला एक मुलूख सेंघेनिद. तिथले लोक किती निर्धास्त होते हे इवोर बाख या सरदाराच्या उदाहरणावरून कळते: ११५८ साली तो कार्डिफच्या किल्ल्याच्या भिंती चढून आत उतरला आणि तत्कालीन अर्ल, त्याची पत्नी व मुलगा या तिघांना उचलून डोंगरात घेऊन गेला. मागण्या मान्य झाल्यावरच त्याने त्यांना सोडले.

शंभर वर्षांनंतर हे सगळे पुन्हा पेटण्याची चिन्हे दिसू लागली. उत्तर वेल्समधला ल्युएलिन आप ग्रिफिद हा राजा एकेक मुलूख आपल्या छत्राखाली आणत दक्षिणेकडे सरकत होता आणि १२६७ च्या माँटगोमेरी येथील तहात इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने त्याला 'वेल्सचा राजपुत्र' म्हणून मान्यताही दिली. सेंघेनिदचा तेव्हाचा अधिपती ग्रिफिद आप रीस हा इवोर बाखचा वंशज होता. तो ल्युएलिनला जाऊन मिळेल या धास्तीने गिल्बर्टने १२६७ च्या आरंभी त्याला पकडले, आयर्लंडमधल्या आपल्या किल्केनी येथील गढीत कैदेत टाकले आणि सेंघेनिद खालसा केले. या नव्याने बळकावलेल्या मुलखाच्या तोंडाशी, ११ एप्रिल १२६८ रोजी, कॅरफिलीच्या बांधकामास सुरुवात झाली. १३ ऑक्टोबर १२७० रोजी ल्युएलिनने चाल करून अर्धवट झालेले काम जाळून टाकले. १२७१ च्या जूनमध्ये गिल्बर्टने ते पुन्हा सुरू केले.

किल्ल्याची रचना थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. आपल्या परिभाषेत हा भुईकोट. डोंगराचा आसरा नाही, तेव्हा संरक्षणाचे सगळे काम पाणी आणि भिंती यांनी करायचे. मधोमध चौकोनी बालेकिल्ला, त्याच्या चार कोपऱ्यांवर गोल बुरूज, पूर्वेस व पश्चिमेस जोडबुरुजांचे भक्कम दरवाजे. त्याला चारी बाजूंनी वेढणारी दुसरी, कमी उंचीची तटबंदी, म्हणजे परकोट. आतला तट बाहेरच्यापेक्षा उंच ठेवल्यामुळे दोन्ही तटांवरचे तिरंदाज एकाच वेळी, एकमेकांच्या आड न येता, शत्रूवर मारा करू शकत. बाहेरचा तट शत्रूने घेतलाच, तर तो आतल्या माऱ्याच्या नेमका टप्प्यात येऊन अडकत असे. अशी एकात एक तटबंदी पहिल्यापासून आखून बांधलेला ब्रिटनमधला हा पहिला मोठा किल्ला मानला जातो. पहिल्या एडवर्डने उत्तर वेल्समध्ये हार्लेक आणि बोमॅरिस हे याच धर्तीचे किल्ले बांधले ते त्यानंतर.

या सगळ्याभोवती पाणी होते. पूर्वेकडे एक प्रचंड, स्वतःच तटबंदी असलेले धरण घालून ओढ्यांचे पाणी अडवले होते आणि त्यातून दोन्ही अंगांना तलाव तयार झाले होते. त्या काळी किल्ला पाडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे भिंतीखाली भुयार खणायचे, त्याला लाकडी टेकू द्यायचे आणि मग टेकू जाळायचे, म्हणजे वरची भिंत आपोआप खचते. तलावाखालून भुयार खणता येत नाही आणि दगडफेकी यंत्रेही जवळ आणता येत नाहीत. गिल्बर्टने हे डोळ्यांनी पाहिले होते: १२६६ साली इंग्लंडमधल्या केनिलवर्थच्या वेढ्यात तो होता, आणि तो पाण्याने वेढलेला किल्ला सुमारे सहा महिने झुंजून अखेरीस उपासमार व रोगराई यांपुढे झुकला होता.

आता ॲलिस. ती खरोखर होती आणि गिल्बर्टची पहिली पत्नीही होती. तिचे वडील ह्यू द ल्युसिन्यां हे अंगुलेमचे काउंट आणि तिसऱ्या हेन्रीचे सावत्र भाऊ, म्हणजे ॲलिस ही राजाची पुतणी. कथेने तिचे घराणे अचूक लक्षात ठेवले आहे. मात्र हा विवाह १२५३ साली लागला तेव्हा गिल्बर्ट जेमतेम नऊ वर्षांचा होता. राजाने आपल्या फ्रेंच नातलगांची इंग्लंडमधल्या बड्या घराण्यांशी सोयरीक जुळवण्याचा जो सपाटा लावला होता, त्यातला हा एक संबंध. दोन मुली झाल्या. १२७१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाले आणि १२८५ साली विवाह रीतसर रद्दबातल ठरवण्यात आला.

ही सालेच कथेला अडचणीत आणतात. १२६८ साली पायाभरणी, १२७० साली जाळपोळ, १२७१ साली पुन्हा काम सुरू आणि त्याच सुमारास पतिपत्नींचा संसार संपलेला. कथेतली ॲलिस ज्या दालनांत एकाकी बसून दिवस कंठते, ती दालने तिच्या संसाराच्या काळात परांच्यांनी, चुन्याने आणि गवंड्यांनी भरलेली असणार. विरहाने ती तत्काळ मरण पावली हेही खरे नाही. विभक्त झाल्यानंतर ती बरीच वर्षे जगली. देखण्या ग्रिफिदबद्दल बोलायचे, तर त्या नावाचा एक वेल्श अधिपती गिल्बर्टच्या हातून उद्ध्वस्त झाला होता खरा, परंतु तो किल्ल्याचा पहिला दगड बसण्याआधीच समुद्रापलीकडे किल्केनीत बंदिवान होता. त्याचा गुन्हा प्रेमप्रकरणाचा नव्हता. त्याची जमीन गिल्बर्टला हवी होती, एवढेच.

ॲलिसवर अन्याय झाला नाही असे मात्र यातून ठरत नाही. गिल्बर्टने १२९० साली पहिल्या एडवर्डची मुलगी जोन हिच्याशी दुसरा विवाह केला. त्या वेळी नवरदेव सेहेचाळीस वर्षांचा आणि नवरी अठरा वर्षांची होती. विवाहाची अट म्हणून गिल्बर्टने आपला सारा मुलूख राजाच्या स्वाधीन केला आणि राजाने तो गिल्बर्ट व जोन या दोघांच्या नावे, त्यांच्याच संततीला वारसा मिळेल अशा शर्तीने, परत दिला. ॲलिसच्या दोन्ही मुली या व्यवहारात वारसाहक्कातून बाहेर फेकल्या गेल्या. कागदोपत्री नोंदलेली ही वस्तुस्थिती मला दूत, साधू आणि फाशीच्या झाडापेक्षा जास्त निर्दय वाटते; पण वारसाहक्काच्या कलमावर भुताची गोष्ट रचता येत नाही.

मग हिरवी स्त्री आली कुठून? एकोणिसाव्या शतकात कार्डिफमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत असलेले वर्ट साइक्स यांनी वेल्समधल्या भुताखेतांच्या समजुती गोळा करून १८८० साली प्रसिद्ध केल्या. त्यांत कॅरफिलीच्या हिरव्या स्त्रीचा छोटासा उल्लेख आहे. ती हिरवा झगा घालून रात्री अवशेषांत वावरते आणि तिला एक खास विद्या अवगत आहे: मनात येईल तेव्हा ती आयव्हीच्या वेलीचे रूप घेऊन भिंतीवरच्या वेलीत मिसळून जाते. साइक्स मिस्कील माणूस असावेत, कारण भुतापासून सुटका करून घेण्याची याहून नामी युक्ती कोणी काढली नसेल, अशा अर्थाची पुस्तीही त्यांनी जोडली आहे. त्या नोंदीत ॲलिस नाही, ग्रिफिद नाही, साधू नाही आणि मत्सरही नाही.

या वेलीत मला सगळ्या प्रश्नाची किल्ली दिसते. आयव्ही ही पडक्या भिंतींवर माजणारी वेल आहे. शिबंदी राहत असलेल्या, रोज पहारा फिरणाऱ्या किल्ल्यात तटावर अशी वेल चढू देणे म्हणजे शत्रूला शिडी लावून देणे, आणि कोणताही किल्लेदार ते होऊ देणार नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र कॅरफिलीच्या भिंती आयव्हीने झाकल्या गेल्या होत्या. चांदण्यात वाऱ्याने हलणाऱ्या त्या हिरव्या पडद्यात कोणाला बाईची आकृती दिसली, तर त्यात नवल नाही. शिवाय वेल्श लोककथांतले परीसारखे जीवही बहुधा हिरव्या पोशाखात वावरतात, त्यामुळे रंग आधीच ठरलेला होता. म्हणजे आधी वेल, मग स्त्री, आणि तिला नाव, माहेर व प्रेमभंग देऊन इतिहासात बसवण्याचे काम शेवटी झाले, असा क्रम मला संभवनीय वाटतो. हिरव्या रंगाचा मत्सराशी लावलेला संबंध तर उघडच नंतरचा आहे.

कॅरफिली परिसरातल्या दुसऱ्या भुताचीही हीच गत आहे. ग्वराख अ रिबिन ही वेल्श लोकश्रद्धेतली हडळ. विस्कटलेले केस, लांब काळे दात, चामड्यासारखे पंख असे तिचे वर्णन केले जाते आणि जुन्या वेल्श घराण्यातले कोणी मरणार असेल तर ती खिडकीशी येऊन टाहो फोडते, असे मानतात. कॅरफिलीत ती किल्ल्याजवळच्या दलदलीतून वर येते. परंतु मध्ययुगात तिथे दलदल नव्हती, राखलेले तलाव होते. धरणांची देखभाल थांबली, तलाव आटले आणि चिखल उरला तो किल्ला सोडून दिल्यानंतर. १५३९ च्या सुमारास जॉन लेलंड हा प्रवासी तिथे आला तेव्हा त्याला दलदलीत उभ्या असलेल्या, विलक्षण जाड भिंतींच्या पडक्या इमारती दिसल्या आणि त्यांतला एक बुरूज कैद्यांसाठी वापरात होता. किल्ल्याची दोन्ही भुते त्याच्या पडझडीची लेकरे आहेत.

ज्या घटनांनी खरोखर भूत मागे सोडायला हवे होते, त्या वेगळ्याच आहेत. गिल्बर्टचा त्याच नावाचा मुलगा १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत मारला गेला आणि ग्लॅमॉर्गनवर राजाचे अधिकारी कारभार पाहू लागले. त्या वर्षांत सगळ्या उत्तर युरोपात भीषण दुष्काळ होता, तरी वसुली थांबली नाही. सेंघेनिदमधला ल्युएलिन ब्रेन हा आधी सरकारी पदावर काम केलेला, वजनदार वेल्श सरदार. किल्केनीच्या त्या कैद्याचा, ग्रिफिद आप रीसचा हा मुलगा. त्याने तक्रार केली तर उलट त्याच्यावरच राजद्रोहाचा ठपका आला. २८ जानेवारी १३१६ रोजी कॅरफिलीचा किल्लेदार किल्ल्याबाहेर न्यायसभा भरवून बसला असताना ल्युएलिनच्या माणसांनी हल्ला चढवून त्याला पकडले आणि गाव जाळले. आतला किल्ला मात्र पडला नाही. बापाचा मुलूख बळकावून त्याच्या तोंडाशी बांधलेल्या त्या तटांनी मुलालाही दाद दिली नाही.

मोठी फौज चालून येताच, मार्चमध्ये, ल्युएलिन एकटा पुढे आला. हे सुरू मी केले आहे तेव्हा संपवणारही मीच, सर्वांनी मरण्यापेक्षा एकाने मरावे हे बरे, अशा अर्थाचे त्याचे बोल समकालीन बखरकाराने नोंदवले आहेत. त्याचे शत्रूही त्याच्यावर खूश झाले आणि त्याच्यासाठी राजाकडे रदबदली करू लागले. त्याच्या जप्त मालमत्तेच्या यादीत वेल्श भाषेतली हस्तलिखिते आणि एक फ्रेंच काव्यग्रंथ आढळतो, यावरून हा नुसता डोंगरातला बंडखोर नव्हता हे स्पष्ट होते. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवण्यात आले. दरम्यान ग्लॅमॉर्गन वाटणीत मृत गिल्बर्टचा मेहुणा ह्यू डिस्पेन्सर याच्याकडे आले होते. दुसऱ्या एडवर्डच्या गळ्यातला ताईत असलेल्या या माणसाने १३१८ साली ल्युएलिनला कार्डिफला नेले आणि कोणताही रीतसर खटला न चालवता त्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. पुढे सरदारांनी डिस्पेन्सरविरुद्ध जे आरोपपत्र मांडले, त्यात हा वधही होता.

१३२६ साली राणी इझाबेला पतीविरुद्ध फौज घेऊन उतरली, तेव्हा राजा आणि डिस्पेन्सर पळत पळत कॅरफिलीत आले. याच किल्ल्यात डिस्पेन्सरने नुकतेच भव्य दिवाणखान्याचे नवे काम करून घेतले होते. पाणी, तट, शस्त्रे, खारवलेले मांस, सुके मासे आणि तेरा-चौदा हजार पौंडांचा खजिना, असे सगळे हाताशी असताना दोघांनी तो अभेद्य आसरा का सोडला, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला कुठे सापडले नाही. नोव्हेंबरमध्ये ते लान्ट्रिसंटजवळ पकडले गेले आणि डिस्पेन्सरचा हेरफर्ड येथे वध झाला. किल्ल्यातल्या शिबंदीने तरीही दरवाजे उघडले नाहीत. आत डिस्पेन्सरचा तरुण मुलगा होता. त्याच्या जिवाची हमी मिळेपर्यंत जॉन फेल्टन या किल्लेदाराने वेढा सोसला आणि मार्च १३२७ मध्ये, सर्वांना माफी मिळाल्यावर, किल्ला स्वाधीन केला.

या वेढ्याभोवतीही एक दंतकथा आहे आणि तिचा पुरावा डोळ्यांना दिसतो. बालेकिल्ल्याचा आग्नेय बुरूज सुमारे दहा अंशांनी बाहेर झुकलेला आहे; पिसाचा प्रसिद्ध मनोरा आज चार अंशांच्या आसपास कलला आहे. वेढ्याच्या वेळी बुरुजात धातू वितळवण्याची भट्टी पेटलेली होती, शत्रूने तप्त रसावर पाणी सोडले आणि स्फोटाने बुरूज कलला, असे जुने लोक सांगत. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्याने सुरुंग लावला, हे दुसरे स्पष्टीकरण. त्यालाही थेट कागदोपत्री आधार नाही. तलाव आटल्यावर खालची जमीन खचली असावी, हे तिसरे आणि सर्वांत नीरस स्पष्टीकरण मला अधिक पटते. दगडांची लूट मात्र नक्की झाली: १५८३ च्या सुमारास जवळच्या व्हॅन येथील लुईस घराण्याने किल्ला भाड्याने घेतला आणि आपल्या वाड्यासाठी तिथले दगड नेले.

अठराव्या शतकात किल्ला ब्यूटच्या मार्क्वेस घराण्याकडे आला. तिसऱ्या मार्क्वेसने दिवाणखान्यावर पुन्हा छप्पर घातले आणि चौथ्याने १९२८ ते १९३९ या काळात, मंदीमुळे गावात बेकारी माजलेली असताना, ढासळलेले बुरूज व दरवाजे दगडावर दगड ठेवून परत उभे केले. १९५० साली किल्ला सरकारकडे सोपवला गेला, त्यानंतर तलावांत पुन्हा पाणी भरण्यात आले आणि आज वेल्सच्या पुरातन वास्तूंची काळजी घेणारी काडव ही संस्था तो सांभाळते. आयव्ही निघाली, दलदल बुडाली. हिरव्या स्त्रीला मिसळून जायला वेल उरली नाही, तरी ती पर्यटकांना दिसायची थांबलेली नाही, आणि याचे श्रेय ॲलिसच्या कथेला द्यायला हवे. चौथ्या मार्क्वेसने कललेला बुरूज तेवढा सरळ न करता तसाच राहू दिला. आता त्याच्या खाली मार्क्वेसचाच एक मोठा लाकडी पुतळा उभा केला आहे आणि तो दोन्ही हात वर करून बुरुजाला टेकू देतो आहे.